किल्ली कुणाकडं हाय?

१८ नोव्हेंबर. मालूची सॅक रिकामी करून धुवायची आहे. तिच्या मुलीनं ती काल दुकानात आणून ठेवली. म्हणाली, "मावशी, आमच्यात कोण वापरणार न्हाय, तुमीच ठेवा." मालूला जाऊन वीस दिवस झाले. सॅकमधून निघालं ते असं: कपडे वाळत घालायची दोरी, स्टीलचा पेला, डोकेदुखीच्या गोळ्या, एक जुना टॉवेल आणि निळं प्लॅस्टिकचं टमरेल. माझ्यासाठी चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. तसली ती नव्हतीच.

मालू माझी शाळेपासूनची मैत्रीण. शिरोलीच्या एका फौंड्रीत ती बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होती. माझं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान. पन्नाशी जवळ आल्यावर तिनंच ठरवलं, वर्षातून दोनदा पाठीला सॅक लावून निघायचं. बरोबर नवरे नकोत, टूरवाला नको. विजापूर, बिदर, हंपी, तंजावर असं करत आम्ही जुनी शहरं पाहिली, मग गोकर्णापासून खाली समुद्राकाठची गावं. स्टँडवर आम्ही दोन जाडजूड बायका सॅक अडकवून उभ्या राहिलो की कोणीतरी विचारायचंच, "काय पावणं, डोंगर चढाय निगालाय काय?"

"व्हय. येतासा काय वझं उचलाय?" मालू म्हणायची.

नव्या गावात माणसं आधी देऊळ विचारतात, नाहीतर जेवण. मालू आधी विचारायची, "बायकांचा संडास कुठं हाय?" कोणी बोट दाखवायचं, आम्ही जायचो, आणि दाराला हमखास कुलूप. लगेच तिचा दुसरा प्रश्न, खणखणीत आवाजात: "किल्ली कुणाकडं हाय?"

याला कारण होतं. फौंड्रीत बायकांसाठी संडासच नव्हता. पहिली सात वर्षं ती शेजारच्या कारखान्यात जायची, तिथल्या वॉचमनला सांगून. "सात वर्सं त्या बाबाला रोज सांगाय लागायचं, रेखे. माझा टाईम पाठ हुता त्याला," असं ती हसत सांगायची. कुलूप दिसलं की मात्र तिचं हसणं संपायचं.

दक्षिणेतल्या एका राजवाड्यात हे फार रंगलं. तिथला शिपाई खुणेनं म्हणाला, किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला गेलेत. त्याला मराठी येत नव्हतं, मालूला त्याची भाषा येत नव्हती. तिनं तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "ह्यात बायकांस्नी सूट हाय? न्हाय न्हवं? मग बापय मानसं मोकळी आनि आमी का तुंबून फिरायचं?" एवढं बोलून ती दारासमोर मांडी घालून बसली आणि स्वतःच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळ वाजवत राहिली. माणसं जमली. पाव तासात किल्ली आली. माझी समजूत, झालं आता. कसलं काय! ती दार धरून उभी राहिली आणि दिसेल त्या बाईला हाक मारायला लागली, "या गं, या, उगडलंय!" शाळेच्या सहलीतल्या पोरी आल्या, म्हाताऱ्या आल्या, पोटुशी एक सून आली. रांग संपेपर्यंत सिंहासनाची खोली बंद झाली. एवढ्या लांब जाऊन आम्ही सिंहासन पाहिलंच नाही. मी बसमध्ये तिच्याशी बोलले नाही.

"राजा कुठं बसायचा ते बघून काय करनार हैस?" ती म्हणाली. "रानी कुठं जात हुती ते कुनी दावतंय का?"

मी तिच्यासारखी नव्हते. माझ्या आईनं शिकवलं होतं, प्रवासाला निघायचं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायचं. आमच्या घरातल्या सगळ्या बायका तेच करत आल्या. मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. उलट आपण कुणावर अवलंबून नाही, असं वाटायचं. एका बंदराच्या गावात हे अंगाशी आलं. लघवीला आग, मग थंडी वाजून ताप. तीन दिवस लॉजमध्ये पडून काढले. समुद्र खिडकीतून दिसत होता. मालू तासातासाला स्टीलचा पेला भरून उभी राहायची आणि शिव्या द्यायची. "पाण्याची बाटली गळ्यात अडकवून हिंडतीस आनि झाकान उगडत न्हाईस! आईनं शिकीवलं म्हनं. आई गेली, आता तू मर." मी ढसाढसा रडले, पण पाणी प्याले.

यंदा जूनमध्ये पुढची सहल ठरवायला ती दुकानात आली. "जरा जाऊन येतो," म्हणाली. मी कॅलेंडरमागच्या खिळ्यावरची किल्ली काढून दिली. आमच्या इमारतीत तळमजल्यावर बायकांसाठी एक संडास आहे. बाहेरच्या बायका घाण करतात म्हणून आम्ही दुकानदारांनी त्याला कुलूप लावलं होतं. कुलूप माझ्याच दुकानातलं. किल्लीही माझ्याकडेच.

ती परत आली, ओले हात पदराला पुसले, किल्ली काउंटरवर ठेवली.

"ही तुझ्याकडं?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"पायरीवर ती आक्का मेथी इकत बसलीया. कसबा बावड्यासनं येती, पाचला उठून. तिला दिलीस कदी?"

"तिनं कधी मागितली नाही."

"मागंल कशी? पानीच पीत न्हाय ती. तुझ्यासारकी."

मी चिडले. गिऱ्हाईक समोर होतं. "साफ मी करून घेते, पाणी मी भरते. तुझं काय जातंय?"

ती शांतपणे म्हणाली, "त्यो शिपाई नोकर हुता, रेखे. त्याला सायबाचं भ्या हुतं. तुला कुनाचं हाय?" आणि निघून गेली.

चार महिने मी फोन केला नाही, तिनंही केला नाही. ऑक्टोबरअखेर ती घरात चक्कर येऊन पडली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात मी पोचले तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला तिचा राग आहे, तो लिहूनच टाकते. शिपायाशी, मॅनेजरशी, कंडक्टरशी ती भांडण तडीस नेऊन सोडायची. माझ्याशीच अर्धं टाकून गेली. तिच्यापेक्षा जास्त राग स्वतःचा आहे. जूनपासून ती मेथीवाली आक्का रोज माझ्या नजरेसमोर बसत होती. मी रोज शटर उघडलं, किल्ली रोज खिळ्यावर होती, आणि मी मालूला माफी मागायला लावायचा विचार करत होते.

सॅक धुऊन दोरीवर टाकली.

१९ नोव्हेंबर. सकाळी आठला पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले. कुलूप काढलं. बाहेरचा कडी-कोयंडाही उपटला, म्हणजे परत कुणाला लावायची बुद्धी व्हायला नको. आतली कडी ढिली होती, ती नवीन बसवली. निळं टमरेल साखळीनं नळाला बांधलं, नाहीतर कोणीतरी उचलून नेईल. वरच्या मजल्यावरचा टेलर जिन्यातून ओरडला, "वैनी, मीटिंग न घेता?"

"घ्या की मीटिंग," मी म्हणाले. "मी येत न्हाय."

मग पाण्याची बाटली घेऊन पायरीवर गेले आणि मेथीच्या जुड्यांशेजारी ठेवली. आक्कानं बाटलीकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं.

"आनि कुलूप, ताई?"

"भंगारात. प्या आदी."