मामय्यांचं गाळलेलं वाक्य

हे श्रीनिवासला, माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही — आणि गोष्ट त्याच्याच वडिलांची आहे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मामय्यांना ओळखत नव्हता म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझं तोंड उघडत नाही.

मामय्या म्हणजे माझे सासरे. वरंगळचे. मी सोलापूरची, मराठी. पण आमच्या गल्लीत सगळी तेलुगू विणकरांची घरं, त्यामुळे शाळेत जायच्या आधीपासून मी तेलुगू बोलते. लग्नात याचं केवढं कौतुक! ‘सून मराठी आहे, पण भांडेल ती तेलुगूत,’ असं मामय्या पाहुण्यांना सांगत सुटले होते. मला ते लाडाने अम्मा म्हणायचे, भांडण आमचं कधी झालंच नाही. आता वाटतं — झालं असतं तर?

तेलंगण वेगळं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी ते आमच्याकडे जर्मनीत, येनाला काही महिने राहायला आले. इरा, माझी लेक, तेव्हा नववीत. मराठी तिला समजायचं, उत्तर जर्मनमध्ये. तेलुगू तेवढंही नाही. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून हसायचे, बस्स. ऑक्टोबरात, दोन जर्मनी एक झाल्या त्या दिवसाच्या आसपास, इथल्या शाळेत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलावतात. त्याने ते दिवस स्वतः पाहिलेले असतात. मुलं प्रश्न विचारतात. इराने वर्गात सांगून टाकलं — माझ्या आजोबांनीही एक राज्य जोडलंय!

जोडलंच होतं. म्हणजे लाखोंमधल्या एकाने जोडावं तेवढं. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते ना, त्याच सुमाराला तिकडे विशालांध्र — तेलुगू बोलणाऱ्या सगळ्यांचं एकच राज्य. मामय्या विशीतले, कॉलेजात. तेलंगणातल्या पुष्कळांना धास्ती होती, की किनाऱ्याकडचे जास्त शिकलेले लोक येतील आणि आपल्या नोकऱ्या नेतील. मामय्या सायकलवरून गावोगाव जाऊन सांगायचे, असं होणार नाही, वरच्यांनी तसा शब्द दिलाय. छप्पन साली राज्य झालं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की वर्गात ते काय बोलणार ते मला पाठ होतं.

असं मी समजत होते. दुभाषी मीच होणार होते, म्हणून त्यांच्या बोलण्याचा जर्मन मजकूर मी आधीच लिहून काढला. दोन शनिवार त्यात घातले. लॅबमधल्या एका सहकाऱ्याकडून डेर-डी-दास, म्हणजे शब्दांची लिंगं, तपासून घेतली. शेवट तर असा साधला होता — ‘आम्ही एक झालो याचा मला अभिमान आहे, आणि वेळ आली तर मी पुन्हा सायकल काढीन.’ तो सहकारी म्हणाला, फार सुंदर. इतकी वर्षं या देशात काढून माझ्या जर्मनला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. — नाही, कारण म्हणून सांगत नाहीये. झालं ते सांगतेय.

वर्गात मामय्या कोट घालून, मफलर गुंडाळून बसले. सायकल, गावं, नवं राज्य झालं त्या दिवशीची मिरवणूक — सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. ते तेलुगूत बोलायचे, मी कागदावरून जर्मन वाचायचे. मग एका मुलीने विचारलं, पुन्हा कराल का?

 मामय्या माझ्याकडे न बघता, मुलांकडे बघत बोलले. रामुलु नावाचा त्यांचा मित्र होता, हॉस्टेलमधल्या खोलीतला. रामुलुच्या वडिलांना हे एक होणं पटत नव्हतं. त्यांच्या ओसरीवर बसून यांनी शब्द दिला — तुमच्या मुलाची मास्तरकी कुणी घेणार नाही. ती गेली. बाहेरच्याला मिळाली. रामुलु विचारायला आला, तोवर मामय्या सचिवालयात चिकटले होते.

‘मी त्याला दारातूनच परत पाठवलं,’ मामय्या म्हणाले. ‘एक होणं चूक नव्हतं. पण दिलेला शब्द मोडला जात होता आणि मी माझी खुर्ची धरून गप्प बसलो. हे मी घरीही कधी बोललो नाही. या पोरांना सांग, अम्मा — माझ्यासाठी टाळ्या वाजवू नका.’

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला शब्द न् शब्द कळला होता. कागद हातात होता.

मी माझा शेवट वाचला.

काय टाळ्या पडल्या! इरा तर उभी राहून वाजवत होती. मामय्या गोंधळले.

‘सांगितलंस ना?’

‘हो, मामय्या.’

‘मग वाजवतायत का?’

‘खरं बोललात म्हणून.’

त्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला. ‘मंचि पिल्ललु,’ म्हणाले. गुणी पोरं आहेत. ट्राममधून घरी येईपर्यंत तेवढंच, दोनदा.

इथवरच राहिलं असतं तर मी ते विसरलेही असते. होय, विसरले असते — तेवढी मी ओळखते स्वतःला. पण शाळेच्या अंकात त्यांचा फोटो आणि इराच्या वर्गाच्या बाईंनी लिहिलेली मुलाखत छापून आली. ते पान त्यांनी वरंगळला नेलं, आणि तडक रामुलुच्या घरी गेले. त्या दारातल्या दिवसानंतर पहिल्यांदा. हे बघ, परक्या मुलांसमोर कबूल करून आलोय, छापलंय बघ. रामुलुचा नातू जर्मनीत शिकायला यायचं म्हणून भाषेच्या क्लासला जात होता. त्याने वाचून दाखवलं — अभिमान आहे, पुन्हा सायकल काढीन.

रामुलुने पानाची घडी घातली आणि परत दिलं.

मामय्यांचा फोन आला. चिडलेले नव्हते, तेच तर. ‘अम्मा, त्या बाईंनी चुकीचं लिहिलं का गं? तू रामुलुशी बोलतेस एकदा? तुझं ऐकेल तो.’ नंबर त्यांनी दोनदा सांगितला, सावकाश. मी लिहून घेतल्यासारखं केलं. आणि मी म्हणाले, हो, बाईंचंच चुकलं असणार, मी शाळेत विचारते.

शाळेत विचारलं नाही. रामुलुला फोन केला नाही. केला असता तर श्रीनिवासला, इराला, सगळ्यांना कळलं असतं. पहिल्या वेळी निदान क्षणभराची गडबड होती. या वेळी माझ्याकडे दिवस होते, महिने होते. मामय्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांना कळलं होतं का? दर रविवारी फोनवर ते इतकंच विचारायचे — थंडी कितीय तिकडे?

तीन वर्षांनी ते गेले. रामुलु आला नाही.

ज्यांच्यावर मी माझं खोटं ढकललं, त्या बाई आता निवृत्त झाल्यात. परवा शनिवारच्या बाजारात भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांची मुलाखत अजून दर ऑक्टोबरात नववीत वाचतात, मीच तसं सांगून आलेय. आणि शेवटच्या वाक्याला मुलं अजूनही टाळ्या वाजवतात, बरं का.

‘या, गेनाऊ,’ मी म्हणाले. हो, अगदी बरोबर.