फडकं आबांनी बांधलं होतं

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीला सांगितली नाही, आणि महालक्ष्मीच्या पायऱ्या चढताना एकदा अगदी ओठांवर आली होती — तिथेही नारळ पुढे केला आणि गप्प राहिले. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांत माझं नाव चांगलं आहे. म्हाताऱ्या बापाला एकटीने सांभाळते, असं आमच्या कैनाडमध्ये कोणीही सांगेल.

आधी मेंढ्यांचं सांगते. म्हणजे — वेळ काढतेय, कळतंय मला.

आमच्या भागात मेंढ्या सहसा कोणी पाळत नाही. बकऱ्या, कोंबड्या, फार तर एखादी म्हैस. पण भात कापून झालं की घाटावरून धनगर उतरतात, खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. त्यांची एक लंगडी मेंढी एका वर्षी आमच्याकडे राहिली आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नाद लागला. त्या लंगडीचा बघता बघता छोटा कळप झाला. मी तेव्हा नुकतीच माहेरी परत आले होते. नवऱ्याने दुसरी आणली होती, मी पिशवी उचलली होती. आबांनी का, कसं, काही विचारलं नाही. म्हणाले, "बाय, या मेंढ्या तुझ्या." त्या एका वाक्यावर मी पुन्हा उभी राहिले. खोटं कशाला बोलू?

कळपात मेंढा एकच होता, आणि सगळी गोम त्याच्यापाशी. मेंढी पाच महिन्यांनी विते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल, पण त्या चिखलात आणि ओलीत जन्मलेलं कोकरू टिकत नाही. म्हणून मेंढा फिरतो मेंढ्यांबरोबरच, पण त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधायचं. तो चढतो, उतरतो, हाती काही लागत नाही. पावसाळा लागला की फडकं सोडायचं, म्हणजे कोकरं दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत येतात. गणपतीत पुन्हा बांधायचं, ते पुढच्या पावसापर्यंत. मधूनमधून सोडून धुवायचं, कातडी कुठे सोलवटली नाही ना बघायचं, परत बांधायचं. हे काम आबांचं. गवताचे भारे बांधण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे गाठ मारावी तर त्यांनीच. पाड्यावरच्या बायका मेंढ्याला बघून फिदीफिदी हसायच्या, आणि मीही त्याला चिडवायचे, "काय रे नवरदेवा, नेसून कुठे निघालास?"

बरे दिवस होते ते. तेवढं तरी नीट आठवू द्या मला.

माझा धाकटा भाऊ दिनेश वेवजीला राहतो. त्या हिवाळ्यात त्याची उंबरगावच्या कंपनीतली नोकरी सुटली. एका दुपारी तो जेवायला आला होता, मी भाकऱ्या वाढत होते. आबा त्याला म्हणाले, "पाडवा झाला का मेंढ्या घेऊन जा. तुला संसार हाय." मला म्हणाले नाहीत — त्याला म्हणाले. मी तिथेच, हातात भाकरी घेऊन उभी. तो गेल्यावर मी विचारलं, "आबा, माझ्या होत्या ना?" तर हसून म्हणाले, "तुला काय कमी हाय गो? तू एकटी. माझ्या ताटातलं खाशील."

तुम्हाला कोणी असं — लाडाने — वाऱ्यावर सोडलंय कधी? नवऱ्याचं मी गिळलं होतं. तो परका होता, परक्यासारखा वागला. पण आबा? आबांनी मला फसवलं. दिलेला शब्द जेवताजेवता काढून घेतला आणि वर पाणी प्यायले. हे मी आजही मागे घेत नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकल्यावरही नाही.

चरायला न्यायचं काम माझं. होळीपासून पाडव्यापर्यंत रोज सकाळी ओहोळापलीकडे गेले की मी मेंढ्याचं फडकं सोडायचे. संध्याकाळी घर दिसायच्या आत परत बांधायचे. आबांचीच गाठ मारायचे, कारण ती त्यांनीच मला शिकवली होती. मनात हिशेब सरळ होता: मेंढ्या गाभण होऊन वेवजीला जातील, भर श्रावणात वितील, दिनेशच्या नाकी नऊ येतील, आणि तो मुकाट्याने कळप परत आणून सोडेल. कोकरं मरतील हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मला ठाऊक नसेल तर कोणाला?

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून टाकलं बाईने. नाही. एवढंच असतं तर एखाद्या दिवशी भांडणाच्या भरात मी बोलूनही गेले असते. ते — ते पुढे आहे.

पाडवा झाल्यावर दिनेश कळप घेऊन गेला, आणि श्रावणात त्याच्या बायकोचा फोन आला. रडत होती. मी आणि आबा वेवजीला गेलो. ताडपत्रीखाली घोट्याएवढा चिखल, आणि कडेला पोत्यावर मेलेली कोकरं ठेवलेली. एक मेंढी त्यातल्या एकाला अजून चाटत होती. दिनेशने दोन मेंढ्याही गमावल्या होत्या. झोप नाही, अन्न नाही, तो सरळ आबांवर ओरडला, "तुमी मेंढा बांधलाच नाय! बांधला असता तर असं झालं असतं?"

आबा शांत होते. "मी बांधलेला," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाय, सांग याला. मी बांधलेला ना गो?"

त्यांना काडीची शंका नव्हती, हे लक्षात घ्या. ते मला विचारत नव्हते, साक्षीला बोलावत होते. आपली लेक आहे, रोज कळपाबरोबर असते, ती खरं सांगेल.

मी म्हणाले, "आबा, होळीला तुम्ही फडकं धुवायला काढलं आणि बांधायचं विसरलात. मी चार दिवसांनी बघितलं, मग बांधलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

बघा, किती घडीव आहे. आधी ठरवलेलं नव्हतं हो — तोंडातून तयारच बाहेर पडलं. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. फडकं सरकलं असेल, असंही म्हणता आलं असतं. दिनेशला तेवढं पुरलं असतं. पण मला पुरलं नसतं. भाकरी हातात घेऊन मी जशी उभी राहिले होते, तसं एकदा त्यांना उभं राहिलेलं मला बघायचं होतं. आणि मी बघितलं. नजर न हलवता बघितलं. आबांनी पोत्यावरच्या कोकरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल." दिनेशचाही राग उतरला. "जाऊ दे," म्हणाला, "वय झालं आता."

मेंढा त्याने तिथेच विकून टाकला. उरलेल्या मेंढ्या गणपतीनंतर टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवल्या. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

आबांनी त्यानंतर एकही गाठ मारली नाही. नव्या मेंढ्याला फडकं मीच बांधते, ते लांबून बघतात. मग बाकीचं सुरू झालं. गॅस स्वतः बंद करायचे आणि मला विचारायला यायचे, बंद केला का गो मी? कडी लावून पुन्हा मागे फिरायचे. डहाणूच्या बाजाराला एकटे जाणं सोडलं, उतरायचं विसरलो तर, म्हणून. सुरुवातीला ते काहीही विसरत नव्हते, मी शपथेवर सांगते. सगळं बरोबर केलेलं असायचं. फक्त स्वतःवर भरवसा उरला नव्हता. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला बोलता आलं असतं. मी म्हणायचे, "बंद आहे, आबा," आणि कामाला लागायचे. आता ते खरंच विसरतात की विसरतो असं धरून चालतात, हे मलाही सांगता येत नाही.

यंदा दिनेश आम्हाला वापीच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "विसरणं पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" मी तोंड उघडायच्या आत आबाच सांगायला लागले. मेंढ्याची गोष्ट. होळी, धुवायला काढलेलं फडकं, चार दिवस — माझं सगळं खोटं, एकही शब्द न चुकवता. वर म्हणाले, "कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेलं मी. मला अजून दिसतं ते." कधीच घातलं नव्हतं त्यांनी. ते तारेवरचं फडकं त्यांनी स्वतःच्या मनात उभं केलं होतं, मला खरी ठरवायला. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिनंच सांभाळून घेतलं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तेव्हापासून रोज एक गोळी चालू आहे. न्याहारी झाली की मी ती त्यांच्या तळहातावर ठेवते, ते तोंडात टाकतात, पाणी पितात. आणि लगेच विचारतात, "बाय, घेतली ना गो मी?" घेतलेली त्यांना पक्की आठवत असते, मला दिसतं ते त्यांच्या चेहऱ्यावर. तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते पेला खाली ठेवत नाहीत.