मीठ टाका, कडू पाणी राखा: पेण-रोह्याचे दोन दिवस

"काकू, सोमवारी माझं तळं तपासणार आहेत. तुम्ही याच. आणि आमच्या बाबांना कसंही करून रोह्याला घेऊन या." रंजनाचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तेल पुसलं आणि पिशवी भरायला घेतली. डिप्लोमाची तीन वर्षं ही पोरगी आमच्या पुण्याच्या घरी भाड्याने राहिली. भाडेकरू कसली, घरचीच झाली. तिला नाही म्हणायची माझी काय बिशाद!

प्रकरण असं होतं. मोबाइलपासून स्कूटरपर्यंत सगळ्या बॅटऱ्यांना लागतं ते लिथियम परदेशात एका उंच पठारावर जमिनीखालच्या खारट पाण्यातून काढतात. म्हणायला खाण, पण सुरुंग-बिरुंग काही नाही. पाणी उपसायचं आणि मोठमोठ्या तळ्यांत उन्हात वाळवायचं. म्हणजे मिठागरच की! तिथे पाठवायला माणसं हवीत म्हणून एका कंपनीने रोह्याजवळ सरावाची आठ तळी केली होती आणि खाडीकाठच्या आठ जणांना शिकवायला घेतलं होतं. त्यातले चारच जाणार होते. दोन वर्षांचं काम, राहणं-खाणं कंपनीचं, पगार इथल्या शिफ्टच्या कितीतरी पट. रंजना त्या आठांतली एक, आणि एकटीच मुलगी.

रविवारी सकाळी स्वारगेटहून अलिबागची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खोपोलीच्या थांब्यावर मी ऐटीत दोन वडापाव खाल्ले. वडखळच्या नाक्यावर उतरणार असाल तर रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरा, ट्रेलर कुणाच्या बापाला थांबत नाहीत. तिथून धरमतरच्या बाजूला मिनीडोर रिक्षा मिळते. बसतात सहा, कोंबतात नऊ. मार्चचं ऊन मी म्हणत होतं.

घरी रंजनाच्या आईने, पार्वतीबाईंनी, खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. या भागात आलात आणि जिताडा न खाता परतलात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. रंजनाचे बाबा, हिरामणभाऊ, कोपऱ्यात जेवत होते. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. रोह्याचं नाव काढलं की ताटातच बघायचे.

संध्याकाळी मीच त्यांच्यामागे मिठागरावर गेले. बांधाबांधाने चालताना भाऊ खुलले. मीठ धरलं की वर कडू पाणी उरतं, ते वेळेवर खाडीत सोडावं लागतं, नाहीतर सगळं पीक कडवट होतं, हे त्यांनी मला लहान पोराला सांगावं तसं समजावलं. मग एकदम थांबले.

"ताई, ही पोरगी तिथं काय शिकते ठावं हाय? मीठ उचलून बाजूला टाकायचं, आनि कडू पानी राखायचं! आमी ज्याच्यावर जगलो ते त्यांचा कचरा."

"अहो, लिथियम त्या कडू पाण्यात राहतं म्हणून," मी म्हटलं.

"राहू दे. मना नाय बघायचं."

मी पण हट्टाला पेटले. पोरीने तीन महिने जीव काढलाय आणि बापाला दोन तास निघत नाहीत म्हणजे काय! रात्रीच्या जेवणापर्यंत मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी पार्वतीबाई म्हणाल्या, "जा ना ओ, नायतर ह्या बाई उद्या पन इथंच र्‍हातील." भाऊ तयार झाले.

सोमवारी पेण स्टेशनातून रोह्याची गाडी. तिकीट किरकोळ, पण गाड्या मोजक्याच, वेळ आधी बघून ठेवा. नागोठण्याच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि वालाची शेतं दिसायला लागतात. भाऊंनी धुवट सदरा घातला होता आणि सगळा वेळ टोपी काढ-घाल चालली होती. बिचारे घाबरले होते, माझ्यासारखेच.

तळी प्लास्टिकच्या जाड कापडावर केलेली, अंगणाएवढी. (तिथे परवानगीशिवाय सोडत नाहीत, उगाच गेटवर वाद घालू नका.) आज कसोटी एकच होती. पाणी नेमकं दाटलं की आपापल्या तळ्याचं बूच काढून ते पुढच्या टाकीत सोडायचं. लवकर सोडलं तर पाण्यात मीठ उरतं, उशीर झाला तर लिथियमही मिठात जाऊन बसतं. ती वेळ ज्याची त्याने ठरवायची. रंजना आम्हाला तळं दाखवून पाण्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी आणायला खोलीत गेली.

भाऊ काठावर उभे राहिले. तळाशी पांढरंशुभ्र मीठ धरलेलं, वर चिकट पाणी. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "अरे, हे इथं कशाला ठेवलंय? पीक नासंल ना!" ते काय म्हणतात हे मला समजेपर्यंत त्यांनी वाकून बूच उपसलंसुद्धा!

भसाभस पाणी निघालं. रंजना धावत आली, "बाबा! ओ बाबा!" भाऊ बूच हातात धरून उभे. आपण काय केलं ते तेव्हा त्यांना कळलं. "हात आपसूक गेला गो... आपसूक गेला माझा," एवढंच म्हणाले. मला तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्यांना ओढून आणणारी मीच ना!

शिकवणारे सर नागपूरकडचे, शांत माणूस. "घाबरू नका. पहिल्या आठवड्यात यांच्यातल्या सहा जणांनी हेच केलं होतं. सवयच आहे इथली! पाणी खालच्या टाकीतच जातं, परत चढवता येईल." मग रंजनाकडे वळले. "पण मला सांग, तू असतीस तर आत्ता सोडलं असतंस?"

हो म्हणाली असती तर बापाची लाज झाकली गेली असती. तिने एकदा भाऊंकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण बोलली स्पष्ट. "नाय सर. मीठ चांगलं यायला बाबांची वेळ बरोबर हाय. पन आपल्याला पानी हवंय. मी चारपर्यंत थांबले असते."

पंपाने पाणी परत चढवलं. रोह्यात दीडशेला बरी थाळी मिळते, मी जेवून आले, भाऊ उठलेच नाहीत. टळटळीत उन्हात लेकीच्या तळ्याकडे बघत बसले. चारला रंजनाने स्वतः बूच काढलं. सरांनी नळीत पाणी घेतलं, दोनदा बघितलं आणि म्हणाले, "बरोबर." यादी आठवड्याने लागणार होती.

परतीच्या गाडीत रंजनाही आमच्याबरोबर होती. भाऊ मला म्हणाले, "माझ्या बापानं शिकवलं तितकंच पानी मना कळतं. हिला त्याच्या पुढचं कळतं." रंजना खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी पण रडले, लपवायचं काय त्यात.

मंगळवारी पेणेतून पोह्याचे पापड घेतले आणि पुण्याला आले. असल्या खाणींनी कुणाचं किती भलं होतं, तिथल्या लोकांच्या पाण्याचं काय, हे मला ठाऊक नाही. रंजनाला विचारलं तर म्हणाली, "तेच जाऊन बघायचंय, काकू." हे उत्तर मला आवडलं.

आठवड्याने फोन आला. यादीत तिचं नाव तिसरं होतं. तिच्या हातून भाऊंनी फोन घेतला.

"ताई, तिथं मिठाचं डोंगर पडून असतात म्हनं. मी तिला सांगितलंय, पोचलीस की आधी चिमूटभर चाखायचं आनि कसं हाय ते मना सांगायचं."