इस्त्री केलेली बाही

रोज सकाळी दुकान उघडलं की मावशी डाव्या हाताचं बोट जिभेला लावायची आणि इस्त्रीच्या बुडाला टेकवून झटकन मागे घ्यायची. चर्र झालं की इस्त्री तापली. इस्त्रीला दिवा होता, तापल्यावर तो विझायचा, पण मावशीचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "दिवा कंपनीचा आहे. बोट माझं आहे."

तिची लाँड्री रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. पुढे काउंटरवर काका, मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मध्ये दोरीला लोकांचे शर्ट. मूलबाळ नव्हतं, म्हणून डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या. त्या फेऱ्यांत मी तिच्यावर जेवढी चिडले, तेवढी दुसऱ्या कुणावर चिडल्याचं आठवत नाही.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या होत्या. पुढे तो हात सुजायला लागला. थेरपिस्ट बाईंनी नीट समजावलं. रक्तातलं पाणी सारखं अंगात झिरपत असतं. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या शरीरभर असतात. त्यांना हृदयासारखा पंप नाही. आपण हललो, खोल श्वास घेतला की पाणी पुढे सरकायला मदत होते. वाटेत गाठी असतात. तिथल्या पांढऱ्या पेशी येणारं पाणी तपासतात, जंतू सापडला तर त्याच्याशी लढतात, आणि त्याला ओळखणाऱ्या पेशी वाढवून सगळ्या शरीरभर पाठवतात.

"तुमच्या ह्या हाताच्या वाटेवरच्या बऱ्याच गाठी आता नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणून पाणी तुंबतं. आणि जंतू शिरला तर अडवणारे कमी. कापायचं नाही, भाजायचं नाही. हात लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं."

"म्हणजे वॉचमन काढून टाकलेली बिल्डिंग."

"अगदी बरोबर." बाई खूश झाल्या. मी झाले नाही. एखादी गोष्ट पटकन कळली की मावशी पुढचं ऐकत नसे.

बाईंनी सूज दाबून धरणारी घट्ट बाही दिली. दिवसभर घालायची. आश्चर्य म्हणजे मावशी ती घालायची. तरी सूज वाढतच होती. बाईंनी बाही ओढून पाहिली, तर जुन्या मोज्यासारखी सैल. नवीन दिली. तीही तशीच झाली. मी बाही बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, विकणाऱ्याशी भांडले. मग एका सकाळी दुकानात लवकर गेले, तर मावशी टेबलावर बाही पसरून तिच्यावरून कडक इस्त्री फिरवत होती.

"हे काय करतेस?"

"काय म्हणजे? रात्री धुतली. इस्त्रीवालीनंच चुरगळलेली बाही घातली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"अगं, त्यातलं इलॅस्टिक जळतं. तिचं काम घट्ट बसण्याचं आहे."

मावशीनं बाही उचलून उजेडात धरली. "म्हणून सैल होते होय. मला वाटलं, सूज उतरली."

"मी म्हटलं होतं," काका काउंटरवरून म्हणाले.

"काय म्हटलं होतं तुम्ही?"

"काही नाही."

तिसऱ्या बाहीला तिनं इस्त्री लावली नाही. वरून लांब बाह्यांचा ब्लाउज घालून सुरकुत्या झाकल्या, आणि मी आले की तो हात पाठीमागे. बोटाचं मात्र चालूच. दिवा बघ म्हटलं, बघितला नाही. चिंधीवर पाणी शिंपडून बघ म्हटलं, तर म्हणे चिंधीला काय कळतंय. उजवं बोट लाव म्हटलं, तर उजव्या हातात इस्त्री असते. ह्यावर माणसानं बोलायचं काय?

शाळा सुरू व्हायच्या आधी युनिफॉर्मचे ढीग पडले, त्या घाईत बोट जरा जास्त वेळ टेकलं. फोड आला, फुटला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ताप आला तेव्हा काकांना म्हणाली, गारठा लागला. लाली बाहीखाली लपली, बाहीवर ब्लाउज. अखेर ती उभ्याउभ्या थरथरायला लागली, तेव्हा काकांनी मला बोलावलं. आम्ही बाही उतरवली. हात कोपराच्या वरपर्यंत लालभडक होता, आणि हाताला चटका बसावा इतका गरम.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत. फोड आला त्याच दिवशी ह्यांना आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. उजव्या हाताला सलाईन लागलं. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले आणि मला राहवलं नाही. एवढं सगळं समजावलं होतं ना, वॉचमन नाही म्हणून तूच म्हणाली होतीस ना, मग सांगायला काय झालं होतं, शर्ट महत्त्वाचे की हात. बोलत गेले. ती डोळे मिटून ऐकत होती, की ऐकत नव्हती, कोण जाणे.

संध्याकाळी तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथून ती परत आली नाही. त्याआधी, माझं बोलणं मध्येच तोडून, तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं होतं.

"झालं तुझं? आता नीट बस. मागून सगळा शर्ट चुरगळतोय."