जेवणाच्या सुट्टीत थांबणारं मशीन

बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी कोड लिहिला, शेवटची चार वर्षं नाशिकला घरी बसून. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांना त्या कंपनीचं सॉफ्टवेअर खरंच चालतं का, हे कळत नाही, असं इतक्यांदा पाहिलं की वाटलं, ते तपासून सांगणाऱ्याच्या खुर्चीत आपणच का बसू नये? असे पैसे घालणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फंडांना मेल पाठवायला लागले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. शेवटी एका फंडाच्या पार्टनरचा फोन आला.

"नोकरीचं बघू. आधी एक कंपनी तपासून द्या. तुमच्या नाशिकचीच आहे."

फुकट. तरी मी हो म्हटलं. इतकी घाई झाली होती मला.

त्या कंपनीचं ॲप फोटोवरून कांद्याची प्रत सांगायचं. माणसाचा हात लागत नाही, सगळं मशीनच करतं, असा त्यांचा दावा. मी दोन दिवस विंचूरच्या बाजारात ट्रॅक्टरांमागे फिरून फोटो काढले. उत्तर पाच-सहा सेकंदांत यायचं, आणि बरोबर यायचं. फक्त दीड वाजला की बंद. दोन वाजता अडकलेली सगळी उत्तरं एकदम यायची. दुसऱ्या दिवशीही तेच. सर्व्हरला काही दीड वाजता भूक लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी बरोबर दीडला त्यांच्या नाशिकमधल्याच अंबडच्या ऑफिसात गेले. मालक जेवायला बाहेर गेलेला. बाथरूम शोधत मागच्या खोलीचं दार उघडलं, तर दहा-बारा मुली डबे उघडून बसलेल्या आणि समोरच्या स्क्रीनवर कांदे. त्यात मी आत येण्याआधी नुकताच पाठवलेला फोटोही होता.

"मशीन कुठे आहे?" मी विचारलं.

सुरगाण्याकडची एक मुलगी हसली. "आम्हीच की, ताई. कॉम्प्युटरला नाय कळत. आम्ही नुसत्या फोटोवरून सांगतो, आतून सडका हाय का ते."

ती हे अभिमानाने सांगत होती. निघताना मी तिला माझा नंबर दिला, कधी काही लागलं तर असू दे म्हणून.

अहवालात सरळ लिहिलं: मशीन नाही, मुली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळीच पार्टनरचा फोन.

"हे असं नका लिहू. 'काही प्रमाणात मानवी मदत' असं करा."

"अहो, मदत कसली? सगळं कामच त्या करतात."

"मॅडम, तुम्हाला या क्षेत्रात यायचंय ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरीही मी शब्द बदलले. त्या माणसाचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. त्याने नुसतं सांगितलं, टाइप मी केलं.

फंडाने पैसे घातले. मी नोकरीचं विचारलं, तर पार्टनर म्हणाला, "काम उत्तम केलंत. पण आम्हाला धंद्याची नजर असलेला माणूस हवाय. तुम्ही इंजिनिअर लोक फार खोलात जाता." त्याच खोलात जायला मला फुकट राबवलं होतं ना?

काही महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. तिने आणि मैत्रिणींनी लाखो फोटोंवर दिलेली उत्तरं वापरून कंपनीने आता खरंच मशीन बनवलं होतं, आणि सगळ्यांना घरी पाठवलं होतं.

"ताई, तुम्ही तपासायला आल्या होत्या ना? आमच्याबद्दल काय लिहिलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही मशीनला मदत करता, असं लिहिलं."

ती म्हणाली, "मशीन होतं कुठं तवा?"

त्याच दुपारी मी माझा पहिला, न बदललेला अहवाल फंडाच्या सगळ्या पार्टनरांना पाठवला. नंतर शब्द कोणी बदलायला लावले, तेही लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही. आता त्या क्षेत्रात मला कुणी उभं करणार नाही. गेलं खड्ड्यात. पण मुलींना काम परत मिळालं नाही, आणि त्या एका मेलने माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.