तारेचे सेन्सेई

सेन्सेई हसायचे ते फक्त एका बॉम्बवर. एरवी चेहरा बंद दुकानासारखा.

कोबेत माझ्या जुन्या यंत्रांच्या गोदामाशेजारी ते एकटे राहत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सेन्सेई, म्हणजे गुरुजी; जिभेला धार. त्यांचा थोरला भाऊ ट्यूना धरणाऱ्या बोटीवर होता. अमेरिकेने समुद्रात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, राख त्या बोटीवर पडली आणि भाऊ पुढे रक्ताच्या आजाराने गेला. तेव्हापासून सेन्सेईंनी एकच ध्यास धरला: अमेरिकन पाणबुडीतून डागायच्या पहिल्यावहिल्या हायड्रोजन बॉम्बचा इतिहास.

अपघाताने फुटू नये म्हणून त्या बॉम्बच्या पोकळ गाभ्यात तार कोंबून ठेवलेली असे. डागताना छोट्या मोटरने ती ओढून काढायची. पण पडून पडून तार ठिसूळ झाली. ओढली की तुटायची आणि बॉम्ब निकामी. "जगतापसान, साऱ्या जगाला धाक दाखवत पाण्याखाली फिरत होते, आणि पोटात कडबोळं अडकलेलं," असं म्हणून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. कडबोळं त्यांना माझ्या बायकोने खाऊ घातलं होतं.

दर ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, ते पितळेच्या पोकळ गोळ्यात नवी तार भरून फळीवर ठेवत आणि एखादा जुना गोळा काढून मला तार ओढायला लावत. नवी तार सुळकन निघे. जुनी कट्‌कन तुटे. गिऱ्हाइकांवर मी तडकलो की म्हणत, "मुरू द्या. घाई करणाऱ्याचा माल कच्चा."

सेंदाईच्या विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या डॉक्टरला त्यांच्याकडे मीच नेलं. पुण्याचा, आपला माणूस म्हणून. कितीतरी रविवार तो तिथे बसला, जेवला, ऐकत राहिला. मग कोबेतच त्याचं व्याख्यान झालं. सगळा इतिहास स्वतःचा म्हणून सांगितला, सेन्सेईंचं नाव नाही. कडबोळंसुद्धा सोडलं नाही. मी उठलो, तर शेजारी बसलेल्या सेन्सेईंनी माझी बाही धरली आणि शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "तार नेली त्याने. वर्षं कशी नेणार?"

मला तेव्हा ते कळलं नाही. रागाने जेवण गेलं नाही.

थंडीत सेन्सेई गेले. नातलग कोणी नव्हतं; दहनानंतर तिथल्या रीतीने चॉपस्टिकने अस्थी मी वेचल्या. गोळे त्यांनी माझ्या नावे ठेवले होते.

वसंतात डॉक्टरचा फोन आला. एका संग्रहालयात त्याला तो प्रयोग मांडायचा होता, पण त्याच्या तारा सुळकन निघत होत्या. संग्रहालयातले लोक विचारत होते, मग तुटलं काय?

"काका, ते जुने गोळे द्या ना. तुम्ही म्हणाल ती किंमत."

असं बोलणारं गिऱ्हाईक मी जन्मात परत पाठवलेलं नाही. म्हणालो, "फलकावर सेन्सेईंचं नाव. एकट्याचं. आणि तुम्ही तिथे उभं राहून सांगायचं, की हे कुठे बसून ऐकलं."

"अहो, तसं कसं? माझी नोकरी पक्की व्हायची आहे. दोन्ही नावं टाकू."

"नाही."

"निदान आभारात..."

मी फोन ठेवला.

या ओबोनला गोदामात एक जुना गोळा काढून तार ओढली. कट्‌कन तुटली. मी एकटाच हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दुसऱ्या गोळ्यात नवी तार भरून फळीवर ठेवली.

डॉक्टर अजून फोन करतो. मी एक अक्षर खाली उतरलेलो नाही. माल मुरतो आहे.