ब्रेक दाबला की पुढचा दिवा

काकांच्या जीपचा ब्रेक दाबला की पुढचे छोटे दिवे मिणमिणू लागले, तो दसऱ्याचा दिवस होता. मागचे लाल दिवे मात्र ढिम्म. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. अल्लीपूर ते हिंगणघाट सवारी नेणाऱ्या त्या जीपवर काकांचं घर चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला आरटीओत तिचं पासिंग होतं. ब्रेकलाइट नसेल तर पासिंग नाही, पासिंग नाही तर सवारी बंद.

पासिंगला गाडी नवरीसारखी दिसली पाहिजे, हा काकांचा सिद्धांत. म्हणून परवाच ती रंगवून घेतली होती. मागच्या पत्र्यावर दोन मोर, उगवता सूर्य, देवांचे आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्या मुलांची नावं. फक्त प्रस्तावना तेवढी राहिली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. चार पुस्तकं वाचून झाल्यामुळे न विचारता सल्ला देण्याची पात्रता अंगी आली होती. मागचे दिवे काढूनच रंग मारा, नाहीतर कडेनं जुना हिरवा दिसेल, असं मी रंगाऱ्याला सांगितलं. त्यानं ते दुर्दैवानं ऐकलं.

हार चढला, नारळ फुटला, काकूनं जीपला ओवाळलं. मग काकांनी सहज ब्रेक दाबला आणि मला विचारलं,

"लागला का रे मांग?"

"नाई. समोरचा लागून राह्यला."

"काहीच्या काही नको सांगू बे!"

मला ब्रेकवर बसवून ते स्वतः मागे गेले, मग पुढे आले. फ्यूज काढला, पुसला, लावला. तेच.

गावात वायरिंगचं काम करणारा एकच म्हातारा मिस्त्री. त्याची हत्यारं पाटावर मांडलेली, हळदीकुंकू वाहिलेली.

"आज हत्याराले हात नाई लावत, भाऊ. उद्या येजा."

"उद्या पासिंग आहे ना बावा!"

मिस्त्री विचारात पडला. हात लावायचा नाही, पण पाहायला हरकत नाही, असा निवाडा त्यानं स्वतःच दिला. पुढे मी बरेच ग्रंथ चाळले. इतकी माणुसकीची पळवाट कुठे दिसली नाही.

तो आमच्या अंगणात स्टुलावर बसला.

"रंग कवा मारला?"

"परवा."

"दिवे काढून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या पोट्ट्यानं सांगतलं."

"तार आहे का घरी? तार काई हत्यार नोहे."

तारेचं एक टोक त्यानं मला दिव्याच्या लोखंडाला धरायला लावलं, दुसरं सायलेन्सरच्या गंजक्या बोल्टला. रंगाऱ्यानं रंग न मारता सोडलेली तेवढीच जागा. काकांनी ब्रेक दाबला आणि लाल दिवा भक्कन पेटला. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"करंट येते, पण परत जाले रस्ता नाई, रंगानं अडवला. म्हून समोरच्या दिव्यातून फिरून जाते. दिव्याच्या बुडाखालचा रंग खरडा लागते."

काका मोरावर हात ठेवून उभे राहिले. "नवा रंग आहे ना, मिस्त्री."

"उद्या सायेब रंगाले पास करीन का बत्तीले?"

आमचे पाने-पेचकसही पूजेत होते. काकांनी नाणं लावून स्क्रू फिरवले आणि घराच्या किल्लीनं रंग खरडायला घेतला. मला हात लावू दिला नाही. आधी नवा निळा निघाला, मग मी झाकायला सांगितलेला हिरवा, मग लोखंड. दिवे परत बसवल्यावर खरडलेलं काहीच दिसत नव्हतं. काका तरी तिथेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रेक दाबायला सांगितला, मागे गेले, मान हलवली.

चालवणाऱ्याला स्वतःचा ब्रेकलाइट कधी दिसत नाही. मागे उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. काकांनी मला हे कधी बोलून दाखवलं नाही. पुढच्या दसऱ्याला नारळ हातात घेतला आणि थांबले. काकू ताट घेऊन ताटकळत होती. नारळ सीटवर ठेवून ते जीपमध्ये चढले.

"जा मांग."

मी गेलो. "लागले," म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

मग नारळ फुटला.